पाठीमागं बसणाऱ्या सरूमावशी

सरूमावशी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तवा मी त्यांला पाणीसुद्धा इचारलं न्हाई. खोटं कशाला बोलू? आठ महिने सासूचं दुखणं काढत हुते मी, आन् त्या आठ महिन्यांत भेटायला येणाऱ्यांचा मला वीट आला हुता. खुटबावात कुणी आजारी हाय म्हणलं की बिस्किटचा पुडा घेऊन अख्खं गाव येतं. खाटेशेजारी बसायचं, "काय न्हाई व्हत, बरं व्हतंय" म्हणायचं, आन् मग आजाऱ्याच्या देखतच अशा दुखण्यानं कोण कोण गेलं त्याची यादी वाचायची. च्या मी करायचा, कपबशा मी धुवायच्या. बिस्किटं तर इतकी साठली की शेरडं बी तोंड फिरवायला लागली. म्हणून दारात खांद्याला पिशवी अडकवलेली ही बाई उभी राहून म्हणली, "मी सरूबाई, वरवंडची. शिरूरच्या संस्थेकडनं आलीय," तवा मी आतूनच म्हणलं, "फोटो काढायचा आसंल तर लवकर काढा बाई, माझी भाकर तव्यावर हाय."

त्या चिडल्या न्हाईत. चपला काढल्या, हात धुतले, आत आल्या आन् माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"भाकर मी बघते. सासूबाईंपाशी बी मी बसते. तू जा."

"कुठं जाऊ?"

"कुठं बी जा. डोक्यावरनं कवा न्हालीस?"

मी बोटं मोजली. सतरा दिवस झाले हुते. परक्या बाईनं असं तोंडावर इचारावं ह्याचा मला इतका राग आला की मी तशीच न्हाणीत गेले, नळ सोडला, आन् नळाच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. केस धुऊन बाहेर आले तर आत्या दुधात कुस्करलेली भाकर खात हुत्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी अर्धी भाकर खाल्ली हुती. जेवू घालायला घाई नसलेलं माणूस शेजारी बसलं हुतं, एवढंच कारण.

आत्या म्हंजी माझ्या सासूबाई, अनसाबाई. उभा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. पाऊसकाळ सरला की कोकणात उतरायचं, उन्हाळा सरला की घाट चढून परत, असं त्यांनी तीस वर्षं केलं. मग सासऱ्यांनी खुटबावात रान घेतलं आन् सगळी एका जागी बसली. अशा बाईला जिन्याच्या चार पायऱ्या चढवंना झाल्या. डॉक्टर म्हणले, फुफ्फुसं आक्रसत चालल्यात, औषधानं थोडं हळू व्हईल, पण मागं फिरणार न्हाई. संस्थेनं ऑक्सिजनचं मशीन वापरायला दिलं. थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं आपरेशन झालेलं, त्यांला उठबस जमंना. आमचे मालक पप्पू दुधाचा टेम्पो चालवत्यात, पहाटं जात्यात. राहिले कोण? मीच.

थोरले दीर, हनुमंतदादा, शेजारच्याच घरात राहत्यात. रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी यायचे, उंबऱ्याच्या बाहेरनंच इचारायचे, "कशी हाय?" मी म्हणायचे, "हाय तशीच." मग जायचे. आठ महिन्यांत त्यांनी आईच्या हाताला हात लावला न्हाई. त्यांचं मन दगडाचं हुतं असं न्हाई. आमच्यात पुरुष माणसानं बाईमाणसाची सेवा करायची नसती, मग ती आई का आसंना.

तर अशा घरात मावशी दर मंगळवारी आन् शुक्रवारी यायला लागल्या. वरवंडहून चौफुल्यापर्यंत वडापच्या जीपनं, तिथनं ज्याची गाडी मिळंल त्याच्या मागं बसून. वय सहासष्ट. शाळेत चोवीस वर्षं खिचडी शिजवली हुती त्यांनी, दीडशे पोरांचं पातेलं एकटीनं उतरवायच्या, त्यामुळं हात असे मजबूत की आत्यांला उचलायच्या तवा मला वाटायचं, गाठोडंच उचललं. संस्थेत दौंड-शिरूरकडची पंधरा-वीस माणसं असं काम करत्यात. काम काय, तर आजाऱ्यापाशी दोन-तीन तास बसायचं आन् घरच्याला मोकळं करायचं. औषध द्यायचं न्हाई, सल्ला द्यायचा न्हाई. मावशी सल्ला द्यायच्याच, ती गोष्ट येगळी. मला म्हणायच्या, "तू आजाऱ्यापेक्षा वाईट दिसतीस. आरशात बघ जरा, भुतानं झपाटल्यागत झालीस." त्यांची लेक वैष्णवी पुण्यात असती, ती फोनवर रागावायची, "आई, मरणाऱ्यांच्या घरी कशाला फिरतेस?" मावशी म्हणायच्या, "जगणाऱ्यांच्या घरी कुणी बोलवत न्हाई गं मला."

दिवाळीनंतर आत्यांचं जास्त झालं. आडवं झालं की श्वास कोंडायचा. दिवस न्हाई, रात्र न्हाई, बसूनच. मी पाठीला उश्या लावायचे, पण अंगात बळ न्हाई म्हणून त्या घसरत खाली यायच्या, आन् खाली आल्या की धापा. मी परत वर ओढायचे. दर धा मिनिटांनी हेच. एका शुक्रवारी मावशींनी हे बघितलं. लुगड्याचा काष्टा आवळून त्या सरळ खाटेवर चढल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या, पाय फाकले, आन् आत्यांला आपल्या पुढ्यात घेऊन छातीशी टेकवलं. दोन्ही हातांनी पोटावरनं धरलं.

आत्या लाजल्या. एक एक शब्द तोडत म्हणल्या, "अवं, तुम्ही पाटलाच्या घरच्या... मी धनगराची..."

"गप बसा. श्वास घ्या. उश्या घसरत्यात, माणूस घसरत न्हाई."

त्या दिवशी आत्या दीड तास झोपल्या. किती दिवसांनी ते देवाला माहीत. मी दारात बसून नुसती बघत राहिले. मग मी बी शिकले तसं बसायला. मांड्या बधीर व्हायच्या, पाठ मोडायची, पण पुढ्यातलं माणूस शांत झोपलेलं कळायचं.

असंच एकदा आत्यांला पुढ्यात घेऊन बसल्या असताना मावशींनी त्यांच्या मालकांचं सांगितलं. मीच इचारलं हुतं, तुम्ही ह्यात कशा पडलात म्हणून.

त्यांच्या मालकांचं नाव ज्योतिबा. हृदय थकलं हुतं, छातीत पाणी व्हायचं. एका सोमवारी श्वास लागला, डोळं फिरवलं, तवा भाऊबंद म्हणले, आता येळ करू नका, खाली घ्या. आपल्याकडं जीव जमिनीवर जायला पायजे. खाटेवर गेला तर माणूस अधांतरी गेलं म्हणत्यात. मावशींनीच सारवलं, मावशींनीच कांबळं अंथरलं. ज्योतिबांला उताणं निजवलं.

"सोमवारी निजवलं आन् बुधवारी दुपारी गेले," मावशी म्हणल्या. "दोन दिवस माझ्याकडं बघून हात वर करायचे. असा, थोडा. मला वाटायचं निरोप घेत्यात. मी बी हात जोडायचे. तोंडात गंगेचं पाणी घालायचे आन् त्यांला ठसका लागायचा. सहा वर्षांनी घोडनदीला, म्हंजी शिरूरला, संस्थेचं शिबिर हुतं, शेजारीण म्हणली म्हणून गेले. तिथं डॉक्टरीणबाईंनी दाखवलं, छातीत पाणी झालेलं माणूस आडवं केलं की त्याला बुडाल्यागत व्हतं, त्याला उठवून बसवायचं. मी उठले आन् बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले. त्यो हात निरोपाचा नव्हता गं प्रतिभा. मला उठव म्हणत हुते ते. दोन दिवस म्हणत हुते."

आत्या झोपल्यात असं आम्हाला वाटत हुतं. पण त्या डोळं मिटूनच म्हणल्या, "मला नका गं... तसं करू. मला आडवं... न्हाई करायचं. मेल्यावर करा काय ते."

"न्हाई करणार आत्या," मी म्हणलं. "शपथ घेते."

मावशी जाताना अंगणात मला म्हणल्या, "शपथ घेतलीस ना? मग हनुमंतदादांला आत्ताच सांग. त्या दिवशी कुणी ऐकत नसतं."

आन् इथं माझं चुकलं. मी सांगितलंच न्हाई. आमचे सासरे गेणबा झोपेत खाटेवर गेले हुते, बारा वर्षं झाली त्याला. तवापास्नं भावकी बोलत आलीय. घरात मेंढरू दगावलं तरी म्हणायचे, म्हातारा अधांतरी गेला, त्याचं हे. हनुमंतदादांनी ते सगळं खाल मानेनं ऐकलं हुतं, आन् आईच्या येळंला असं हू द्यायचं न्हाई म्हणून मनात गाठ मारली हुती. अशा माणसापुढं धाकट्या सुनंनं उभं राहून म्हणायचं, तुमच्या आईला जमिनीवर निजवू नका? मालकांला सांगितलं तर ते म्हणले, "बघू." मी बी बघू म्हणलं. बोलंल त्याची बोरं खपत्यात म्हणत्यात, पण मी मूग गिळून बसले, आन् बघता बघता दोन महिने गेले.

माघातल्या एका सकाळी आत्यांचा श्वास बदलला. नाकपुड्या फुलायला लागल्या, ओठ निळं पडलं. मी घाबरले. पयला फोन मावशींला करायचा तर दादांला केला. पाच मिनिटांत दादा आले, त्यांच्यामागं त्यांचे चुलते भैरूआबा, त्यांच्यामागं निम्मी भावकी. भैरूआबा म्हंजी ऐंशीच्या घरातले, सुंभ जळाला तरी पीळ न्हाई गेला असं माणूस. त्यांनी दारातनंच सांगितलं, "खाली घ्या." बायांनी फरशीवर शेणाचा हात फिरवला, त्यावर घोंगडं टाकलं, आन् आत्यांला उचलून उताणं निजवलं. मी दोनदा म्हणलं, "त्यांला आडवं व्हवत न्हाई." कुणीतरी म्हणलं, "आता काय व्हायचं राहिलंय?"

मी मागच्या दारी जाऊन मावशींला फोन लावला. "आत्यांला खाली घेतलंय," एवढंच म्हणलं, त्यांला कळलं.

"तुझे मालक दूध घालून चौफुल्याला आले असतील, त्यांच्या टेम्पोनं येते. पाऊण तास लागंल. तवर तू बस पाठीमागं."

"मावशी, आबा हायत, दादा हायत. मी कशी..."

"मग बघ बाई. मी तिथं असते तरी सून तूच हायस."

फोन ठेवून आत आले. आत्यांचा घसा घरघर करत हुता. छाती वर उचलून धरायला बघत हुत्या, जमत नव्हतं. तेवढ्यात त्यांचा उजवा हात घोंगड्यावरनं उचलला. थोडासाच, वीतभर.

भैरूआबा म्हणले, "बघा, हात उचलतीय. निरोप घेतीय माझी वैनी." सगळ्या बायांनी हात जोडले. दादांनी बी जोडले.

त्या क्षणी माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. मी वरडले. सासरी आल्यापास्नं चौदा वर्षांत मी कवा वरडले नव्हते. "निरोप न्हाई त्यो! उठवा म्हणत्यात त्या! मी शब्द दिलाय त्यांला!" बायांला ढकलत मी आत घुसले, भिंतीशी बसले, काखेत हात घालून आत्यांला ओढलं आन् छातीशी घेतलं. पदर डोक्यावरनं कवाच पडला हुता.

"हनुमंता, सून आवर तुझी!" आबा गरजले. "एकदा बाप अधांतरी घालवला, आता आईला बी घालव!"

दादा दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, आता हाताला धरून उठवत्यात. मी आत्यांच्या पोटावरचे हात आणखी आवळले. पण दादा आईच्या तोंडाकडं बघत हुते. घरघर कमी झाली हुती. आत्यांनी डोळं उघडलं हुतं आन् त्या दादांकडंच बघत हुत्या. दादा हाय तिथंच थांबले. आबा बोलत राहिले, भावकी कुजबुजत राहिली, पण मला कुणी हात लावला न्हाई.

मावशी आल्या तवा माझे दोन्ही पाय बधीर झाले हुते. त्यांनी काय झालंय ते एका नजरंत वळखलं. आबांच्या पाया पडल्या आन् म्हणल्या, "आबा, जमिनीवरच हाय की माउली. बूड जमिनीवर, पाय जमिनीवर. पाठ तेवढी माणसाला टेकलीय. देव एवढं चालवून घ्यायचा न्हाई व्हय?"

"शास्तर हाय बाई ते," आबा म्हणले.

"असंल. मी बी पाळलं." मग त्या दादांकडं वळल्या आन् सगळ्या भावकीपुढं, उभ्यानं, ज्योतिबांचं सांगितलं. सोमवार ते बुधवार. हात वर करायचे ते. रडल्या न्हाईत. शेवटी एवढंच म्हणल्या, "दादा, मी नवऱ्याला जमिनीवर बुडवलं. अडाणीपणानं केलं. तुम्ही आईचं असं करू नका."

आबांनी काठी उचलली आन् ते ओट्यावर जाऊन बसले. घरी मातुर गेले न्हाईत.

मावशींनी मला उठवलं आन् माझ्या जागी बसल्या. मशीनची नळी नीट केली. मला म्हणल्या, "ओला कापूस घे, ओठ पूस. पाणी घालू नको." अकरा वाजता बसल्या त्या दोन वाजले तरी तशाच. मी म्हणलं, मी बसते, तर माझ्यावरच खेकसल्या, "तुझे पाय अजून वाकडे पडत्यात, गप." पण अडीचच्या सुमाराला त्यांची पाठ धरली. तोंडावर कळ दिसली. त्यांनी ओठ आवळून घेतले, तरी आत्या एका अंगाला कलायला लागल्या.

दादा सकाळपास्नं चौकटीला टेकून उभे हुते. त्यांनी फेटा काढून खुंटीला लावला. चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत आले आन् मावशींच्या शेजारी खाली बसत म्हणले, "सरा मावशी. मला दाखवा, कसं धरायचं."

मावशींनी काही आश्चर्य दाखवलं न्हाई. पोराला घास भरवायला शिकवावं तसं शिकवलं. "पाठ भिंतीला. पाय फाका. हां, असं. हात छातीवर न्हाई, खाली, पोटावर. दाबायचं न्हाई. तुमचा श्वास हळू घ्या, म्हंजी त्यांला बी कळतं." मेंढीचं अडलेलं कोकरू सोडवणारे हात दादांनी आईच्या पोटावर अलगद ठेवले. आत्यांचं डोकं त्यांच्या गळ्याखाली टेकलं. आत्यांनी वर बघायचा प्रयत्न केला, बघता आलं न्हाई, पण वळखलं असणार. कारण त्यांनी हात मागं नेऊन दादांच्या गुडघ्यावर ठेवला आन् तिथंच राहू दिला.

मला तवा रडू आवरलं न्हाई. मालक माझ्या शेजारी उभे राहून लहान पोरागत रडत हुते. दादा रडले न्हाईत. ते मावशींनी सांगितल्यासारखा हळू श्वास घेत हुते, ध्यान देऊन, एक एक. दीड तास त्यांनी मांडीसुद्धा हलवली न्हाई. मधी एकदा त्यांनी आईच्या कपाळावरचे केस मागं सारले. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

चार वाजून गेल्यावर आत्यांच्या श्वासात अंतर पडायला लागलं. एक श्वास, मग बराच येळ काही न्हाई, मग आणखी एक. घरघर नव्हती, ओढाताण नव्हती. आबा ओट्यावरनं उठून दारात येऊन उभे राहिले. शेवटचा श्वास कुठला ते आम्हाला कुणालाच कळलं न्हाई, आम्ही पुढच्याची वाट बघत राहिलो. मावशींनी नाकापाशी बोटं धरली, मनगट धरलं, मग मशीनचं बटण बंद केलं.

"दादा, गेल्या."

भैरूआबांनी डोळं पुसलं. आवाज पार खाली आला हुता त्यांचा. "हनुमंता, आता आडवी कर तिला."

दादा हलले न्हाईत. आईच्या पोटावरचे हात त्यांनी तसेच धरून ठेवले हुते. त्यांनी मावशींकडं बघितलं आन् हळूच इचारलं, "मावशी, आता आडवं केलं तर दम न्हाई ना लागायचा तिला?"

मावशी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसल्या. त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले.

"न्हाई दादा. आता न्हाई लागायचा."

मग आम्ही तिघांनी मिळून आत्यांला खाली निजवलं.